‘मकान बेचना है’ : कोलार रोडवरची मराठी घरं आणि विकणाऱ्यांची धाकधूक

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

आपल्या इथे जुन्या भोपाळच्या आठवणी खूप येतात. तात्या टोपे नगरातले क्वार्टर, गणपतीतली नाटकं, न्यू मार्केट. घरं बांधल्याच्या गोष्टीही येतात, बाबांनी जीपीएफ काढून कसं बांधलं, वीट कुठून आणली वगैरे. घर विकल्याच्या गोष्टी मात्र कोणी लिहीत नाही. विकणं म्हणजे जणू काही लपवायची गोष्ट. आमच्या गल्लीत चौदा घरं, त्यातली नऊ एकेकाळी मराठी होती. आता तीन. बाकी सहा कधी, कशी, कोणत्या काळजीत विकली गेली हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि सातवं आमचंच. म्हणून लिहायला घेतलं. नावं कोणाचीच घेणार नाही, ज्यांचं त्यांना कळेल.

थोडं मागून सुरू करते, कारण आमच्या घराण्यात घर विकायची काळजी १९५६ पासूनची आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवीन मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला आली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सचिवालयातली असंख्य माणसं फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला. ग्वाल्हेर-इंदूरकडची मंडळीही आली, ती मध्य भारतातली. (बाकी शहरांची समजूत काढायला जबलपूरला हायकोर्ट, ग्वाल्हेरला महसूल मंडळ, इंदूरला लोकसेवा आयोग असं वाटप झालं, ते आपल्याला माहीतच आहे.) आमचे बाबा तेव्हा एकोणीस वर्षांचे, नुकतेच कारकून म्हणून लागलेले. महालात आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं दोन मजली घर. आजोबा म्हणायचे, दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे, विदर्भ वेगळा होईल, राजधानी पुन्हा नागपूरला येईल, पोरगा परत येईल. म्हणून घर विकायचं नाही, रिकामं ठेवायचं नाही, वरचा मजला भाड्याने द्यायचा.

हे भाड्याने देणं पुढे तीस वर्षं पुरलं. तेव्हा विदर्भात १९४९ चा सी.पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी, आणि ती मिळायला कारणं सिद्ध करायची. बाबा भोपाळला, तारखा नागपूरला. १९७९ साली आजोबा गेले. १९८६ मध्ये शेवटी घर विकायचं ठरलं तेव्हा ते भाडेकरूसकट विकावं लागलं, आणि भाडेकरूसकट घराचा भाव म्हणजे रिकाम्या घराच्या निम्मासुद्धा नाही. घेणाराही मग तसाच मिळतो, ज्याला कोर्टाची सवय आहे असा. आमच्या बाबतीत भाडेकरूनेच घर घेतलं. आई म्हणायची, ‘त्यानं घर घेतलं नाही, आपण त्याला सोडवलं.’

त्या विक्रीतली एक गोष्ट मला तेव्हा, बावीस वर्षांच्या वयात, चांगलीच खटकली होती. कागदांवर बाबा आणि काका सह्या करणार असं घरात ठरलेलं. खरेदीदाराच्या वकिलाने विचारलं, बहीण आहे का? आहे, अकोल्याला दिली आहे. मग तिची सही लागेल. सगळे अवाक. आपल्याकडे अजूनही पुष्कळांचा समज आहे की मुलींना हक्क २००५ साली मिळाला. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. फक्त एक मेख होती : राहत्या घरात पुरुष वारस राहत असतील तर मुलीला वाटणी मागता येत नव्हती, ती अट २००५ मध्येच गेली. पण इथे तर घर विकलं जात होतं. आत्याचा वाटा सरळ होता. आत्या अकोल्याहून आली, सही केली आणि एक साडी घेऊन परत गेली. ‘मला काय करायचे पैसे’ असं ती म्हणाली, हे खरं. पण तिला कोणी आकडा सांगितलाच नव्हता, हेही खरं. माझ्या मते घर विकताना सगळ्यात जास्त लबाडी परक्याशी होत नाही, ती अशी घरातल्या घरात, गोड बोलून होते.

त्या पैशातून बाबांनी कोलार रोडला प्लॉट घेतला. तीस बाय पन्नास, पंधराशे चौरस फूट.

कोलार रोडच का? एक तर स्वस्त. सरकारी क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागणार, अरेरा कॉलनी परवडणार नाही, मग चुना भट्टीच्या पुढे, जिथे शहर संपत होतं तिथे जायचं. दुसरं कारण बाबा मोठ्याने सांगत नसत. डिसेंबर १९८४ ला दीडच वर्ष झालं होतं. गॅस उत्तरेला पसरला होता, कारखान्याभोवती, स्टेशनकडे. त्यानंतर बाबांच्या पिढीच्या डोक्यात एक नकाशा पक्का बसला : जितकं दक्षिणेला, तितकं बरं. कोलार रोड दक्षिणेला होता.

तेव्हा तिथे गहू आणि हरभरा होता. कोलार धरणाचं काम चालू होतं. पुढे त्या धरणाचं पाणी भोपाळला आलं, ते आमच्याच रस्त्याने, मोठ्या पाइपातून, आमच्या समोरून. आम्ही मात्र वर्षानुवर्षं बोअर आणि टँकरवर. ‘चिराग तले अंधेरा’ हा वाक्प्रचार कोलार रोडवाल्यांनी जितका वापरला असेल तितका कोणीच नसेल. घर १९९४ मध्ये उभं राहिलं, बाबा १९९५ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पाणी, रस्ता, ड्रेनेज या तिन्ही गोष्टींची वाट पाहत दोघांचं म्हातारपण तिथे गेलं. २०१४ मध्ये कोलार नगरपालिका भोपाळ महानगरपालिकेत विलीन झाली तेव्हा बाबांना केवढा आनंद! म्हणाले, ‘शेवटी भोपाळला पोचलो.’ दोन वर्षांनी ते गेले. आई २०२२ मध्ये.

मग राहिलो आम्ही तिघं. दादा न्यू जर्सीला, ताई पुण्याला कोथरूडमध्ये, मी शाहपुऱ्यात. घर बंद. बंद घराची एक वेगळीच काळजी असते, पावसाळ्याच्या पहिल्या सरीला मला झोप लागायची नाही.

विकायचं ठरल्यावर पहिला प्रश्न : बोर्ड लावायचा का? ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण आमच्याकडे यावर महिनाभर फोन चालले. बोर्ड लावला की दिवसाला वीस फोन, त्यातले अठरा दलालांचे. शिवाय गल्लीला कळतं. आमच्या समोरच्या काकांनी चार वर्षांपूर्वी बोर्ड लावला तेव्हा लोक येऊन सांत्वन केल्यासारखे बसायचे. नागपूरला ‘घर विकणे आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही, इथे ‘मकान बेचना है’ म्हटलं की जरा सोपं वाटतं, परक्या भाषेत दुःख थोडं कमी होतं बहुधा. आपल्या इथल्या मराठीची गंमत पाहा. ताई पुण्याहून विचारायची, सात-बारा आहे का, फेरफार झालाय का, साठेखत कधी, इसार किती. मी उत्तर द्यायची, खसरा आहे, नामांतरण झालंय, इकरारनामा पुढच्या आठवड्यात, बयाना दोन लाख. तिचं एन.ए. म्हणजे माझं डायव्हर्शन, तिचा तलाठी म्हणजे माझा पटवारी. दोघी बहिणी एकाच घराबद्दल बोलत होतो, पण अधूनमधून दुभाष्या लागेल असं वाटायचं.

दुसरी काळजी भावाची. सिक्सलेन होऊ द्या, मग विका, असं सगळेच सांगत. चुना भट्टीपासून गोल जोडपर्यंतचा साधारण पंधरा किलोमीटरचा रस्ता खणून ठेवलेला, धुळीने झाडं पांढरी. थांबणाऱ्यांपैकी काहींचं भलं झालं, विशेषतः रस्त्याला लागून असलेल्यांचं. आतल्या गल्लीत तसा फरक पडला नाही. ‘मेन रोडवर अमुक भावाने गेलं’ हे ऐकून आतल्या घराचा भाव ठरवणं हा कोलार रोडचा जुना आजार आहे. कलेक्टर गाइडलाइन उघडून पाहा, मेन रोडचा आणि आतला दर वेगवेगळा छापलेला असतो. गाइडलाइनपेक्षा कमी भावात घर विकलं तरी स्टॅम्प ड्यूटी गाइडलाइनवर. आयकर खातंही दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापुढे गाइडलाइनच तुमची विक्री किंमत धरतं.

आणि कलियासोत! बाहेरच्यांना कळणार नाही, पण कोलार रोडला घर बघायला येणारा प्रत्येक माणूस हल्ली पाणी आणि पार्किंगच्या आधी एकच विचारतो, ‘तेहतीस मीटर में तो नहीं है ना?’ २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाने कलियासोत नदीच्या दोन्ही काठांना ३३ मीटरचा हिरवा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. २०२३ मध्ये पुन्हा सीमांकन आणि अतिक्रमण हटवण्याचा आदेश आला, तेव्हा नदीकाठच्या कॉलन्यांमध्ये सुतकच. यात ज्यांनी रीतसर रजिस्ट्री केली, घरपट्टी भरली, बँकेचं कर्ज फेडलं असे लोकही होते. परवानगी देणारे वेगळे, मोजायला येणारे वेगळे. आमचं घर नदीपासून चार गल्ल्या आत, म्हणून सुटलो. पण माझ्या शाळेतली एक सहशिक्षिका, आता सत्तरीची, तिचं घर काठावर. तिला मुलाकडे बंगळुरूला जायचंय. नदी नेमकी कुठून मोजायची यावर सगळं अडलेलं. गिऱ्हाईक येतं, घर आवडतं, वकिलाकडे जातं आणि परत येत नाही. नदीचं रक्षण व्हायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण तिच्या घराचं काय करायचं ते सांगायलाही कोणीतरी पाहिजे ना.

उत्तरेकडच्या लोकांची दुखणी याहून जुनी आहेत. ईदगाह हिल्स, लालघाटी, बैरागढ भागातल्या अनेक घरांचा सातबारा, म्हणजे आपला खसरा, थेट नवाबांपर्यंत जातो. भोपाळ संस्थान १ जून १९४९ ला भारत सरकारकडे आलं, नवाब हमीदुल्ला खान यांची थोरली मुलगी आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेली, आणि २०१५ मध्ये शत्रू संपत्तीच्या अभिरक्षकाने नवाबांची मालमत्ता शत्रू संपत्ती ठरवली. १९५० मधल्या एका स्थलांतरामुळे आज कोणाच्या तरी मुलीच्या लग्नासाठीचं घर विकणं अडतं. भोपाळमध्ये इतिहास म्युझियममध्ये नसतो, तो सर्च रिपोर्टमध्ये असतो.

आमच्या सर्च रिपोर्टमध्येही निघालाच. खरेदीदार तरुण जोडपं, दोघं नोकरीवाले, बँकेचं कर्ज काढणार. बँकेच्या वकिलाने १९८६ ची रजिस्ट्री पाहिली आणि थांबला. विकणारा शेतकरी, पण त्याच्या वतीने सही केलेली कॉलनाइझरने, मुख्तारनाम्यावर. आता मुख्तारनामा शब्द ऐकला की लोक २०११ चा सुप्रीम कोर्टाचा सूरज लॅम्प निकाल काढतात आणि सांगतात, ‘तुमची रजिस्ट्री बेकार.’ तसं नाही. त्या निकालाने नुसत्या मुख्तारनाम्यावर, खरेदीखत न करता, घर ‘विकलं’ म्हणणं मोडीत काढलं. मालकाच्या वतीने मुख्तार रीतसर नोंदणीकृत खरेदीखत करून देत असेल तर ते चालतं. अट एवढीच की त्या दिवशी मुख्तारनामा जिवंत हवा, आणि सर्वसाधारणपणे तो मालकाबरोबर मरतो.

म्हणजे आता सिद्ध करायचं की १९८६ च्या त्या दुपारी एक शेतकरी जिवंत होता!

बँकेच्या वकिलाने यादी दिली आणि हात वर केले. मी दीड महिना फिरले. हुजूर तहसीलच्या (नवाबी गेली, हुजूर राहिलं) रेकॉर्डमधून जुन्या खसऱ्याच्या नकला काढल्या. गावाच्या जुन्या वस्तीत, जिथे अजून दोन-चार कौलारू घरं आणि गोठे आहेत, तिथे त्या शेतकऱ्याचा नातू भेटला. मोबाइलचं दुकान आहे त्याचं. आधी घाबरला, त्याला वाटलं मी जमीन परत मागायला किंवा काही गळ्यात मारायला आले. मग त्यानेच सांगितलं की दादाजी गेले तेव्हा तो तिसरीत होता. त्यावरून वर्षाचा अंदाज, त्यावरून फौती नामांतरणाची नोंद सापडली, १९९१ ची. पाच वर्षांनी वाचलो. निघताना तो म्हणाला, ‘आंटी, आपके पिताजी ने जो प्लॉट लिया, वहाँ हमारा चना होता था.’ त्याच्या आजोबांनी एकराच्या भावाने विकली, आम्ही चौरस फुटाच्या भावाने विकत होतो. यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

ज्यांच्या कॉलन्या ग्रामपंचायतीच्या परवानगीवर वसल्या, डायव्हर्शन झालं नाही, नकाशा मंजूर नाही, त्यांची गत आमच्याहून वाईट. आधी ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतच्या अवैध कॉलन्या नियमित करणार म्हणाले, मग २०२३ मध्ये ती तारीख २०२२ अखेरपर्यंत नेण्याची घोषणा झाली. घोषणा आणि हातात पडणारा कागद यांच्यामध्ये लोकांची वयं निघून जातात. मोठ्या बँका अशा घरांवर कर्ज देत नाहीत, मग घेणारे कमी, आणि असतात ते ‘आधे कॅश’वाले.

रोख रकमेचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडेही पहिलं गिऱ्हाईक तसंच होतं, भाव सगळ्यात जास्त, पण तिसरा हिस्सा दोन नंबरमध्ये. १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड. दादा तिकडून म्हणाला, सगळेच घेतात. ताई म्हणाली, बाबांनी ऑफिसचं पेनसुद्धा घरी आणलं नाही. मी फक्त हिशेब मांडला. रोख रक्कम न्यू जर्सीला पाठवता येत नाही, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये घालता येत नाही आणि माझ्या कपाटात ठेवायची माझी तयारी नाही. नैतिकतेपेक्षा हे जास्त पटलं सगळ्यांना.

कराचं थोडं सविस्तर सांगते, कारण यावर मला सर्वात जास्त फोन येतात. वारसाने मिळालेल्या घरात खरेदी किंमत वडिलांची धरतात. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवसाची बाजारभावाने किंमत धरता येते, मात्र त्या वेळच्या गाइडलाइनपेक्षा जास्त नाही. २३ जुलै २०२४ पासून नियम बदलले. त्याआधी घेतलेल्या घराला इथे राहणाऱ्या विक्रेत्याला दोन्ही पर्याय : महागाई निर्देशांक लावून २० टक्के, किंवा न लावता १२.५ टक्के, जे कमी पडेल ते. समजा २००१ ची किंमत ६ लाख, विक्री ६० लाख. २०२४-२५ चा निर्देशांक ३६३, म्हणजे ६ चे झाले २१.७८ लाख, नफा ३८.२२ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ७.६४ लाख. निर्देशांक न लावता नफा ५४ लाख, १२.५ टक्क्यांनी ६.७५ लाख. इथे दुसरा पर्याय स्वस्त. दरवेळी असेलच असं नाही, आकडे मांडून पाहा. (वर सेस आहेच.) नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर सूट मिळते, घ्यायचं असेल तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षं. ताईने तसं केलं.

दादाचं मात्र त्रांगडं. परदेशस्थ विक्रेत्याला तो निर्देशांकाचा पर्याय नाही. आणि खरेदीदाराने आमच्या हिश्श्यातून एक टक्का कापायचा, पण त्याच्या हिश्श्यातून परदेशस्थाच्या दराने, तेही नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर, जोवर आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणत नाही तोवर. त्यासाठी खरेदीदाराला टॅन नंबर काढावा लागला. बिचारं तरुण जोडपं, पहिलंच घर, आणि आमच्या दादामुळे त्यांना ही यातायात. कित्येक खरेदीदार ‘एनआरआय’ ऐकलं की पळतात ते यामुळेच. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, म्हणून बयान्याच्या आधीच अर्जाची तयारी ठेवा. दादाचं मुख्तारपत्र न्यूयॉर्कच्या वकिलातीतून झालं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला स्टॅम्प लावून घ्यायचा असतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

आता बोअरचं सांगते. यावरून आम्हा भावंडांत खरं भांडण झालं.

१९९८ च्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांचा बोअर आटला. आमच्याला पाणी होतं. बाबांनी भिंतीखालून पाइप टाकून दिला. लेखी काही नाही, शब्द. काका गेले, काकू आहेत, एकट्या, ऐंशीच्या पुढे. आता नळाचं पाणी येतं, पण दिवसाआड, थोडा वेळ, आणि काकूंना भरून ठेवणं होत नाही. त्यांचं बरंचसं पाणी अजून आमच्याच बोअरचं. पाइप जमिनीखाली, घर बघायला येणाऱ्याला दिसणार नाही.

दादा म्हणाला, सांगू नकोस, ताबा दिल्यावर त्यांचं ते बघतील. ताई म्हणाली, विक्रीच्या आधी पाइप काढून टाक, प्रश्नच मिटला. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं, दोघंही इथे राहत नाहीत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे, घर विकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. घेणाऱ्याने कामाचं काही विचारलं तर माहीत असेल ते खरं सांगायचं. सौदा ठरल्यापासून ताबा देईपर्यंत घराची काळजी स्वतःचंच असल्यासारखी घ्यायची. त्या दिवसापर्यंतची घरपट्टी, देणी आपण भरायची. आणि आपल्या बाजूचंही आहे : मालकी देऊन पूर्ण पैसे मिळाले नाहीत तर राहिलेल्या रकमेचा बोजा त्या घरावर राहतो. एकशे चाळीसहून जास्त वर्षं जुनं कलम, पण वाचताना वाटतं कोणीतरी शहाण्या आजोबांनी बसून लिहिलंय.

मी त्या जोडप्याला रविवारी बोलावलं आणि भिंतीशी नेऊन पाइप दाखवला. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, ‘किती पाणी जातं?’ दिवसाला दोन टाक्या, मी म्हटलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आठवड्याने निरोप आला : भावात थोडं कमी करा, आणि रजिस्ट्रीत लिहून घ्या की काकू हयात आणि त्या घरात राहत आहेत तोवर पाणी, विजेचा खर्च निम्मा-निम्मा, त्यांच्यानंतर हक्क संपला. कमी केलेली रक्कम दादा आणि ताईच्या हिश्श्यातून जाऊ नये म्हणून मी माझ्यातून घातली. दादा त्यानंतर तीन महिने फक्त ‘गुड मॉर्निंग’चे फोटो पाठवायचा. आता बोलतो.

काकूंना सांगायला गेले तर म्हणाल्या, ‘अगं, मी तर बादलीने आणलं असतं.’ कुठून आणलं असतं कोण जाणे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रजिस्ट्री झाली. बाबांच्या १९८६ च्या रजिस्ट्रीला दोन साक्षीदार, दौत, अंगठे आणि दिवसभराचं बसणं होतं. आता संपदा पोर्टल, कॅमेऱ्यासमोर फोटो, बोट ठेवलं की झालं. आदल्या आठवड्यात घर रिकामं केलं. पाटा-वरवंटा कोणी घेईना, शेवटी काकूंच्याच अंगणात ठेवला. तुळस मी आणली. देव्हारा भिंतीत बांधलेला होता, तो तसाच राहिला. त्या मुलीने विचारलं, हे राहू दे ना? माझ्या घशात काही तरी अडकलं, मी मान हलवली.

बँकेच्या वकिलाला दिलेल्या कागदांची यादी आणि रजिस्ट्रीतल्या पाण्याच्या कलमाचा मसुदा माझ्याकडे आहे. कोणाला हवा असेल तर निरोप पाठवा, पाठवते. आणि एक विनंती : १९८५ ते ९५ मधले, शेतं दिसत असलेले, कोलार रोडचे फोटो कोणाकडे असतील तर जरूर टाका. त्या मोबाइलच्या दुकानवाल्या मुलाने मागितलेत. त्याच्या घरी एकही नाही.